आईचा ऑक्सिजन ८९ दिसला तरी मशीन वाढवायचं नाही, असं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

आई ६८ वर्षांची, कराडजवळ गावी अण्णांबरोबर असते. बिडी-सिगारेट कधी नाही पण तीसेक वर्षं चुलीपुढे गेली, त्या धुरानं सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) झालाय. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, एक लिटरवर ठेवायला सांगितलेलं. गेल्या महिन्यात खोकला वाढला, ऑक्सिमीटरवर ८७ दिसलं आणि अण्णा घाबरले, कोविडपासून ९४ च्या खाली गेलं की पळायचं हे सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसलंय ना, त्यांनी चार लिटर केलं. आकडा ९८ झाला, घर निर्धास्त. रात्रभर आई नुसती गुंगीत, सकाळी उठवता उठेना. हॉस्पिटलात मनगटातून रक्त घेतलं तर कार्बन डायऑक्साइड ८२, नॉर्मल म्हणे ३५ ते ४५. दोन दिवस बायपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लावल्यावर शुद्धीवर आली.

आता ८८ ते ९२ मध्येच ठेवा असं सांगितलंय. का, तर "जास्त ऑक्सिजननं यांचा मेंदू श्वास घ्यायचं विसरतो". एवढंच. अण्णांना हे पटत नाही, आणि दुसरीकडे स्वतःलाच दोष देत बसतात, ते बघवत नाही. मुळात मेंदूला कार्बन डायऑक्साइड कळतो कसा? आणि ऑक्सिजननं तो वाढतो कसा?

प्रतिसाद, भूलतज्ज्ञ_सांगली :

ताई, आधी अण्णांना सांगा, ही चूक शिकलेली माणसंही करतात.

लहानपणी विहिरीत बुडी मारून श्वास रोखलाय का? शेवटी जी घुसमट होते ती ऑक्सिजन संपला म्हणून नसते, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून असते. हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात सहज शिरतो, तिथं त्याचं आम्ल होतं, आणि मेंदूच्या देठाशी, मेड्युलाच्या खालच्या अंगाला असलेल्या पेशींना ते आम्ल कळतं. त्या लगेच श्वास वाढवायला लावतात. म्हणजे मेंदू खरं तर आंबटपणा मोजतो. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे दोन बारके गोळे मानेत, मोठी धमनी दुभंगते तिथं असतात, कॅरोटिड बॉडी म्हणतात. त्या शोधाबद्दल बेल्जियमच्या हेमन्सना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय ते जोरात ओरडत नाहीत.

आईंचा कार्बन डायऑक्साइड बहुतेक वर्षानुवर्षं थोडा चढाच असणार. मग किडनी बायकार्बोनेट साठवून आम्ल मारते आणि मेंदूची घंटा बोथट होते. मग श्वासासाठी मानेतल्या गोळ्यांचा आधार जास्त लागतो, आणि भरपूर ऑक्सिजन दिला की तेही गप्प होतात. पण 'मेंदू विसरतो' ही निम्मीच गोष्ट आहे, आणि लहान निम्मी. मोठं कारण फुफ्फुसात आहे. जिथं हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःहून आवळून ठेवतं, रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. भरपूर ऑक्सिजन दिला की त्या सैल पडतात, रक्त पुन्हा खराब भागातून जातं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परततं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरतं, तो रक्तात मोकळा सुटतो.

आणि हे नीट वाचा, घाबरून मशीन एकदम बंदही करायचं नाही, ते तितकंच वाईट. ८८ च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना फोन. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही, त्यामुळे आकड्याबरोबर माणूसही बघा: गुंगी, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं.

धागाकर्ती :

खूप खूप आभार. अण्णांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, दोनदा. विहिरीचं त्यांना लगेच पटलं, कृष्णेत पोहलेला माणूस. मग म्हणाले, म्हणजे ९८ बघून मी चहा टाकला तेव्हा ती आत बुडत होती. मला काही बोलताच आलं नाही. भावाला सांगून एक लिटरच्या खुणेपाशी पांढरी पट्टी चिकटवून घेतलीये.

पण एक राहिलं, कालपासून आई सकाळी डोकं दुखतं म्हणतेय. आकडा ९१ आहे म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

भूलतज्ज्ञ_सांगली :

उद्यावर ढकलू नका, आजच न्या. आणि रक्तातले वायू तपासायला सांगा.