प्रति: ठरलेला उतारा आणि साचेबंद उपदेश

लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या) पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, रविवारच्या उपदेशासाठी बायबलचा उतारा ठरवूनच मिळतो, म्हणून उपदेश साचेबंद होतो, हे म्हणणं पटलं नाही. आमची सोलापूरची जुनी मंडळी (चर्च) अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाची; या पंथात प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते. तिथे उतारा पाळकसाहेबांच्या मर्जीवर, आणि मग त्यांचे आवडते चार विषय वर्षभर फिरत राहतात! (दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याचा, तर हमखास.)

माझे साडू गुंटूरकडच्या तेलुगू लुथरन मंडळीत उपदेश करतात. त्यांची वही पाहिली आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे उताऱ्यातलं नियमशास्त्र, म्हणजे देव काय मागतो. उजवीकडे सुवार्ता, म्हणजे देव काय देतो. उजवी बाजू रिकामी राहिली तर उपदेश अजून तयार नाही, असं ते धरतात. ही शिस्त लुथरन परंपरेतलीच. अमेरिकेतले लुथरन धर्मपंडित वाल्थर यांनी १८८४-८५ मध्ये तिथल्या सेंट लुईसला विद्यार्थ्यांना याच विषयावर व्याख्यानं दिली. त्यातल्या पंचवीस सूत्रांपैकी शेवटचं हेच, की उपदेशात वरचष्मा सुवार्तेचा हवा. उतारा ठरलेला असला तरी हे काम पाळकालाच करावं लागतं, आणि शनिवारी रात्री बसून ते उरकत नाही.