घटस्फोटातला 'घट' कुठला?

कोरडी_भाकर:
बायको इंदूरची, घरात मराठी पण शाळा सगळी हिंदीत. काल बातम्या बघता बघता विचारते, घटस्फोटात नक्की फुटतं काय, आमच्याकडे सरळ तलाक म्हणतात. स्फोट म्हणजे फुटणं एवढं ठीक, पण घट कुठून आला? स्मशानात मडकं फोडतात तेच का?

बिनसाखरेचा:
तेच असणार. तू मला मेलास, मी तुला मेले, फोडा मडकं 😀

जुनी_वही:
स्मशान बरोबर, पण लग्नाचा मुळात संबंधच नव्हता. हा वाळीत टाकायचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे बघा, माणूस चांगला जिवंत असताना भाऊबंदांनी गावाबाहेर जमून संध्याकाळी त्याच्या नावाने पाणी सोडायचं आणि दासीने भरलेला घट पायाने लवंडायचा, 'प्रेतवत्', म्हणजे मेलेल्यासाठी करतात तसा. वर एक दिवस-रात्र सुतक! मग त्याच्याशी बोलणं बंद, शेजारी बसणं बंद आणि वाटणीतला हिस्साही बंद (खरी मेख इथेच आहे असं आपलं माझं मत). प्रायश्चित्त घेतलं की त्याच्यासोबत आंघोळ करून नवा घट पाण्यात टाकायचा, झाला परत आत.

कोरडी_भाकर:
बापरे. मग नवरा-बायकोला कसा चिकटला?

जुनी_वही:
बऱ्याच जातींत काडीमोड आधीपासून होताच, पंचांसमोर काडी मोडली की दोघं मोकळे. शास्त्राप्रमाणे लागलेलं लग्न मात्र मोडतच नाही असं धरायचे. पुढे कायदेच आले, बडोद्यात सयाजीरावांच्या काळात 1931 ला, मुंबई प्रांतात 1947 ला, मग 1955 चा हिंदू विवाह कायदा, आता सरकारी कागदावर काडीमोड कोण लिहिणार, संस्कृत भारदस्त काहीतरी पाहिजेच ना! नातं कायमचं तोडणं एवढाच अर्थ उरला, दासी आणि सुतक गळालं.

बिनसाखरेचा:
आणि फारकत?

जुनी_वही:
ती फारसीतून, फारिगखती, म्हणजे मोकळं केल्याचा कागद. देणं फिटलं, भागीदारी मोडली तरी फारकत लिहून द्यायचे, लग्नच पाहिजे असं नाही.

ऊसतोड_नाय:
आमच्याकडं म्हाताऱ्या अजून 'काडी मोडून आली' असंच म्हणतात, घटस्फोट फक्त वकिलाच्या तोंडी. आणि पेपरवाल्यांना काडीमोड आठवतो तो युती तुटली की, 2014 ला तर रोज वाचून कंटाळा आलेला.