गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसरा पडताना रेस उडते – जुनी डिझेल ऑटोमॅटिक, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२०१२ ची डिझेल सेडान, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक, रनिंग १,४६,००० किमी. सकाळी थंड असताना गाडी लोण्यासारखी चालते. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गिअरबॉक्स तापला की दुसऱ्यातून तिसरा पडताना रेस १,९०० वरून २,६०० पर्यंत उडते, क्षणभर गाडी मोकळी सुटते आणि मग धाडकन तिसरा बसतो. परवा खंबाटकी चढताना चार वेळा झालं. मागे भरलेला ट्रक होता, जीव मुठीत धरून घाट पार केला. बाकी गिअर ठीक. डी आणि आर लगेच लागतात.

शिवाय ताशी ७० च्या आसपास हलक्या पायाने चालवताना रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर येते. अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक नुसता टेकवला की थरथर लगेच थांबते. म्हणजे लॉकअप क्लच (कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) सुटल्यावर थांबते, असं मी धरतो. इंजिन मिसिंग असतं तर ब्रेक टेकवून बहुधा थांबलं नसतं. स्कॅनरवर पी ०७४१ आहे, म्हणजे लॉकअप क्लच नीट काम करत नसल्याचा कोड.

इंजिनचा ईजीआर व्हॉल्व्ह (धूर परत इंजिनात सोडणारा) आणि एअरफ्लो सेन्सर साफ केले, फरक शून्य. अ‍ॅडाप्टेशन (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेली गिअर बदलायची सेटिंग) रिसेट केल्यावर दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. गिअरबॉक्स ऑइलची लेव्हल पहिल्या गॅरेजने इंजिन बंद ठेवून, थंड गाडीत बघितली आणि ‘फुल’ म्हणून सांगितलं. या बॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला प्लग उघडूनच लेव्हल कळते. तशी बघितली तर जवळजवळ अर्धा लिटर कमी. ऑइल काळपट आणि करपलेल्या वासाचं, आजवर कधीच बदललेलं नाही.

आता फोरमन म्हणतो, ‘बॉक्स उतरवून आतल्या क्लच प्लेट बदला, दीड लाख.’ मला शंका व्हॉल्व्ह बॉडीची (ऑइलचं प्रेशर आतल्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाची) आहे, कारण प्लेट जळल्या असत्या तर थंड असतानाही घसरल्या असत्या ना? गरम ऑइल पातळ होऊन कुठेतरी प्रेशर गळत असावं. चुकत असेन तर जरूर सांगा.

गिअरबॉक्सचा ऑइल चेंबर उघडून आतल्या, लोखंडी कीस धरणाऱ्या मॅग्नेटवर काय दिसलं तर बॉक्स उतरवायचा? ऑइल एका वेळी निम्मंच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. मग थोडं चालवून दोन-तीनदा बदलावं, की इतक्या रनिंगनंतर नवीन ऑइलने घसरणं वाढेल? आणि पुणे-सातारा पट्ट्यात गेज लावून लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचं मुख्य प्रेशर) मोजणारं कुणी माहीत आहे का?

वडिलांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबणं त्यांना जमत नाही. ते चालवू शकतात अशी घरात ही एकच गाडी आहे. शनिवारी फोरमनला हो किंवा नाही कळवायचं आहे.