मदत हवी आहे: दहावीच्या अभिरूप विधानसभेत लोकमत कुठे बसवू?

दहावीला निवडणूक, लोकमत आणि कायदा कसा होतो हे एकत्र शिकवायचंय. मतदानाचा भाग मस्त झाला, मतपत्रिका, बोटाला शाई, नोटासकट सगळं घेतलं. अडतंय पुढे. माहिती अधिकाराचं उदाहरण दिलं, अण्णा हजारेंचं आंदोलन, राज्याचा २००२ चा कायदा मग केंद्राचा २००५ चा, तर मुलांना वाटतं आंदोलन झालं की कायदा झाला, मधलं विधेयक मांडणं, कलमवार चर्चा, दोन्ही सभागृहं, राज्यपालांची सही हे डोक्यावरून जातं. फळ्यावर तक्ता काढून दिला तर तो फक्त पाठ झाला, आणि मला ते नकोय.

आता दप्तराच्या वजनावर विधेयक घेऊन अभिरूप विधानसभा भरवायचीय. साठ मुलं, ३५ मिनिटांच्या तीन तासिका, प्रोजेक्टर नाही, मोबाईल चालत नाही, खऱ्या पक्षांची नावं घ्यायची नाहीत. सत्ताधारी, विरोधक ठरलेत, उरलेली वीसेक मुलं पालक, दुकानदार, पत्रकार म्हणजे लोकमत.

कोणी असं घेतलं असेल तर सांगा, हा गट विधेयक मांडायच्या आधी आणू की दोन्ही सभागृहांच्या आमदारांची संयुक्त समिती विधेयकावर लोकांकडून सूचना मागवते तेव्हा? आणि सभागृहात चर्चा चालू असताना या मुलांना काय काम देऊ?