स्वतःवरचा विकिपीडिया लेख स्वतःच लिहावा का?

धागाकर्ता : बाळीवेसकर

आपल्या सोलापुरातील एका ज्येष्ठ नाट्यकलावंतांनी नुकतीच माझ्या हाती एक वही दिली. तीत त्यांचे बालपण, गुरू, नाटके आणि पुरस्कार यांची माहिती सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती, आणि ती मराठी विकिपीडियावर जशीच्या तशी चढवावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही मी नकार दिला. तो योग्य होता की नाही, यावर आपली मते हवी आहेत.

स्वतःविषयी लिहिण्यास विकिपीडियावर सरसकट बंदी नाही, परंतु तसे करू नये असे तेथील धोरण अगदी स्पष्ट शब्दांत सांगते. माणूस स्वतःविषयी खोटेच लिहितो असे माझे म्हणणे नाही. काय गाळावे आणि कशाला किती जागा द्यावी, हे त्याला स्वतःच्या बाबतीत ठरवता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या वहीत तरुणपणी मिळालेल्या एका पारितोषिकाला अर्धे पान दिले होते, आणि थोड्याच प्रयोगांनंतर बंद पडलेल्या दोन नाटकांचा उल्लेखही नव्हता. ‘त्यांच्या अभिनयाने रसिकांची मने जिंकली’ हे वाक्य मात्र तीन ठिकाणी होते. हे कोणी म्हटले, कोठे छापून आले, याचा पत्ता नव्हता. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनीही स्वतःच्या लेखात फेरफार केले होते, आणि लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापक म्हणून असलेल्या उल्लेखाला त्यांनी हात लावल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर त्यांना खेद व्यक्त करावा लागला. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांनाही स्वतःविषयी तटस्थ राहणे जमले नाही, तर इतरांची काय कथा?

प्रतिसाद : पूर्वभाग

बाळीवेसकर, आपला मुद्दा तत्त्वतः मान्य आहे, पण तो ज्यांच्यावर लिहायला दहा जण तयार असतात त्यांच्याच सोयीचा आहे. आमच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढून तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिणारी माणसे होऊन गेली. त्यांच्याविषयी जे काही छापले गेले ते समाजाच्या स्मरणिकांत आणि स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांवर, आणि त्यातले फारच थोडे इंटरनेटवर सापडते. अशा माणसाने स्वतःविषयी लिहायचे नाही, तर मग कोणी लिहायचे? डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८ मध्ये नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची ही अवस्था, तर साखर पेठेतल्या कवीला कोण विचारतो? खऱ्या नावाने खाते उघडून, सदस्य पानावर आपला हितसंबंध जाहीर करून कोणी लिहिले, तर त्यात लपवाछपवी कसली?

प्रतिसाद : शेळगीकर

पूर्वभाग ताई, स्ट्रिकलंड यांचे उदाहरण आपल्या विरोधातच जाते. तो मसुदा त्यांच्याविषयीचे पुरेसे स्वतंत्र संदर्भ दाखवत नाही म्हणून परत गेला. त्यांनी तो स्वतः लिहिला असता तरी ती उणीव भरून निघाली नसती. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर भारतात आणि चीनमध्येही इतरांनी लिहून ठेवले, म्हणूनच आज त्यांच्यावरील लेखाला आधार आहे.

दुसरे असे की, एकदा लेख तयार झाला की तो आपल्या मालकीचा राहत नाही. इतर संपादक त्यात भर घालतील, आवडते परिच्छेद उडवतील, आणि एखादा जुना वाद छापून आलेला असेल तर संदर्भासह तोही आणतील. अमेरिकन पत्रकार जॉन सायगेनथॉलर यांच्यावरील लेखात २००५ मध्ये कोणीतरी केनेडी यांच्या हत्येशी त्यांचे नाव जोडणारा धादांत खोटा मजकूर घातला आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. हौसेने स्वतःचा लेख तयार करणाऱ्याने याचाही विचार करावा.

प्रतिसाद : नवी पेठ

शेळगीकरांनी दिलेल्या उदाहरणातूनच माझी हरकत निघते. खोटा मजकूर चार महिने राहतो आणि ज्याच्याविषयी तो आहे त्यानेच तेवढा हात आखडता घ्यायचा, हे मला पटत नाही. कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या एका पात्रामागची प्रेरणा विकिपीडियावर चुकीची दिली होती. त्यांनी ती दुरुस्त करायला सांगितली तेव्हा त्यांना दुय्यम स्रोत, म्हणजे इतर कोणी छापलेला आधार, मागण्यात आला, आणि अखेर २०१२ मध्ये त्यांना ‘द न्यूयॉर्कर’मध्ये अनावृत पत्र लिहावे लागले. रॉथ यांना न्यूयॉर्कर उपलब्ध होते. आपल्या शहरातल्या कलावंताने आपली बाजू कोठे छापून आणायची?

प्रतिसाद : बाळीवेसकर

नवी पेठ, उघड बदनामी किंवा खोडसाळपणा ज्याचा त्याने काढून टाकायला धोरणाची आडकाठी नाही. जन्मगाव किंवा शिक्षण यांसारख्या साध्या गोष्टींसाठी त्या व्यक्तीचा स्वतःचा प्रकाशित मजकूरही मर्यादित प्रमाणात चालतो. बाकी सर्व दुरुस्त्यांसाठी लेखाचे चर्चा पान आहे. तेथे आपली ओळख सांगून नेमके कोणते वाक्य चुकले आहे आणि पुरावा काय आहे हे मांडावे, निर्णय इतरांवर सोडावा.

पूर्वभाग ताई, आपल्या एका मुद्द्याला मात्र उत्तर द्यायलाच हवे. संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे असा नियम नाही, आणि तो मराठीतच असावा असाही नाही. छापील अंक चालतो, तेलुगू अंकही चालतो. खरी अडचण वेगळी आहे. त्या कलावंतांनी मला कात्रणांची फाइलही दाखवली. नाटकाचे परीक्षण तेवढे व्यवस्थित कापून डकवलेले होते, पण वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख असलेली वरची पट्टी बहुतेक कात्रणांवर उरलीच नव्हती. ती तारीख शोधण्यात माझा वेळ गेला तर तो सत्कारणी लागला असे मी मानेन. छायाचित्रांचेही तसेच आहे. छायाचित्रात आपण आहोत म्हणून त्याचा स्वामित्वहक्क आपल्याकडे येत नाही, तो सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराचा असतो. त्यामुळे विकिपीडियावरील छायाचित्रे जेथे साठवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर चढवण्यापूर्वी त्याची परवानगी हवी, हे त्यांना समजावताना मला सर्वांत जास्त कष्ट पडले.

प्रतिसाद : पूर्वभाग

छापील आणि तेलुगू संदर्भांविषयीचे उत्तर मला मान्य आहे. तरीही माझे मूळ म्हणणे मी सोडत नाही. स्वतः लिहू नका असे ज्येष्ठांना सांगणारे पुष्कळ भेटतात, मात्र त्यांच्यासाठी बसून लिहिणारे क्वचितच भेटतात, आणि तोवर ती माणसे आणि त्यांच्या फायली दोन्ही संपतात. आपण त्यांचे परिचित आहात, म्हणजे हितसंबंधाचा प्रश्न थोडा आपल्यालाही लागू होतो. मी त्यांना ओळखत नाही. तारखा जुळलेली कात्रणे जसजशी हाती येतील तसतशी त्यांची नोंद माझ्या चर्चा पानावर करावी. पुरेशी झाली तर लेखाला मी सुरुवात करीन. त्या दोन बंद पडलेल्या नाटकांची परीक्षणेही कृपया त्यात असू द्यावीत, आणि तेलुगू स्मरणिका असतील तर त्याही पाठवाव्यात. मला तेलुगू वाचता येते.