डब्ल्यू. सी. फील्ड्स: घरच्यांनी जपलेल्या पत्रांवर किती विश्वास ठेवायचा?

रिकामटेकडा:
मंडळी, सध्या जुना अमेरिकन विनोदी नट फील्ड्स, त्याचे बोलपट बघतोय. त्याच्याबद्दल वाचावं तर तेच तेच: लहानपणी घरातून पळाला, पोरांचा दुस्वास करायचा, पक्का कंजूष. नातवाने, रोनाल्ड फील्ड्सने, 1973 साली आजोबांची पत्रं-टिपणं छापली. कुणी वाचलीत का? घरचाच माणूस छापणार म्हणजे सारवासारव असणार, नाही का?

फडताळ:
वाचलीत. सारवासारव कसली! बायकोला, हॅटीला लिहिलेली पत्रं बघा. ती आधी त्याच्याच जगलिंगच्या (वस्तू हवेत उडवून झेलायच्या) खेळात साथीला असायची. 1904 मध्ये मुलगा झाला, पुढे दोघं वेगळे झाले. ती कॅथलिक, घटस्फोट दिला नाही. हा वर्षानुवर्षं पैसे पाठवत राहिला आणि पत्रांतून टोचत राहिला: तू जास्त मागतेस, पोराचे कान भरतेस. हसायच्या तयारीने उघडलं तर वाचायला मिळते नवरा-बायकोची जुंपलेली. आजोबांना गोंडस करायचं असतं तर नातवाने आधी हीच पत्रं दडवली असती. नातूही कोण, तर त्या कान भरलेल्या पोराचाच मुलगा!

पळून जाण्याच्या गोष्टीतला बराचसा मसाला फील्ड्सचा स्वतःचाच. बाप घोडागाडीवरून भाजी विकायचा, हा मदतीला. पटेना तेव्हा नातेवाइकांकडे जाऊन राहायचा, इतकंच.

रिकामटेकडा:
आणि पोरांचा दुस्वास?

चहाबाज:
‘कुत्री आणि पोरं न आवडणारा माणूस अगदीच वाईट असू शकत नाही’ हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य त्याचं नव्हेच. 1939 च्या एका मेजवानीत लेखक लिओ रॉस्टन त्याच्याबद्दल ते बोलला. उलट मृत्युपत्रात याने अनाथ मुलांच्या शिक्षणसंस्थेसाठी पैसे ठेवले होते, धर्म शिकवायचा नाही या अटीवर. आता लगेच हार घालू नका, मुलं गोरीच हवीत असंही त्यातच लिहिलंय. 1946 च्या नाताळात तो गेला, मग बायको आणि मुलगा या कलमाविरुद्ध कोर्टात गेले.

फडताळ:
पत्रं वाचून झाली की ‘मॅन ऑन द फ्लाइंग ट्रॅपीझ’ (1935) बघा. त्यात सासू आणि तिचा आयतं खाणारा ऐदी मुलगा फील्ड्सच्या पात्राच्या घरात ठाण मांडून बसलेत. त्या मेव्हण्याचं नाव क्लॉड. फील्ड्सच्या स्वतःच्या मुलाचं नावही क्लॉडच.