नुसती भांडणाची हौस?
फुटबॉलची ईर्ष्या म्हणजे पोरांची भांडणाची हौस, असं कुणीतरी म्हटलंय; ते मला अर्धंच पटलं. हुल्लडबाजी होते, नाकारत नाही. पण आम्ही निपाणीकर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जातो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे तिथले दोन संघ भिडले की अख्ख्या पेठा समोरासमोर येतात. माझी तर पेठही नव्हे, मामाची. तरी पाटाकडील हरली की जेवण जात नाही.

आणि एक राहिलंच. १८ ऑगस्ट २०२४ चा कोलकात्याचा ईस्ट बंगाल–मोहन बागान या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा सामना बंदोबस्ताच्या कारणावरून रद्द झाला. तरी दोन्हीकडचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून खून झालेल्या डॉक्टर तरुणीसाठी न्याय मागायला. तिथल्याच तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहमेडनवालेही आले. लाठ्या चालवायला पोलीस मात्र पुरेसे निघाले!